माईंचं पोट आणि माझा डबा

"काल दिवसभरात तुम्ही काय काय खाल्लंत?" डॉक्टर मगदूमांनी विचारलं आणि माझं डोकं तडकलं.

आजारी होत्या माझ्या सासूबाई, माई. पलीकडच्या खोलीत सलाइन लावून पडल्या होत्या, त्यांना मिरजेच्या त्या दवाखान्यात आणून सहा दिवस झाले होते, आणि हा माणूस माझ्या ताटात डोकावत होता. आमच्या घरात अकरा वर्षं मला हा प्रश्न एकाच अर्थानं विचारला जायचा. 'काल काय खाल्लंस' म्हणजे 'आज देवघराकडे फिरकू नकोस.'

"माझ्या खाण्याचा इथं काय संबंध?" मी विचारलं.

"आहे संबंध. सांगा तर खरं."

माझा नवरा मुकुंद शेजारीच बसला होता. त्यानं डोळ्यांनी खुणावलं, की बाई, इथं तरी भांडू नकोस.

"सकाळी दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, कांदा," मी म्हणाले. "दुपारी डब्यात परत भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. मी एसटीत कंडक्टर आहे, मिरज-जत गाडीवर. बाहेरचं खाऊन दिवसभर उभं राहवत नाही. रात्री हुलग्याची आमटी आणि भात. रविवारी मटण असतं, तेही लिहून घ्या."

त्यांनी खरंच लिहून घेतलं.

"शुगर? बीपी? ॲसिडिटी?"

"नाही. मला आजारी पडायला रजा मिळत नाही."

"अँटिबायोटिक गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या?"

मी आठवून बघितलं. "बाळंतपणात दिल्या असतील तर असतील. मुलगी आता नऊ वर्षांची आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मुकुंदकडे बघितलं. "मुकुंदराव, आपल्याला माणूस सापडला बहुतेक," ते म्हणाले.

कशासाठी माणूस सापडला ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी मटणाचं एवढं ठासून सांगितलं नसतं.

माईंचं दुखणं सुरू झालं आषाढात. लघवीला जळजळ होत होती म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बरं वाटलं. महिन्याभरानं परत तसंच झालं, तेव्हा मुकुंद जुनीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेला. "मागच्या खेपेला ह्याच गोळीनं बरं वाटलं होतं," हे वाक्य आमच्या घरात वेदवाक्य होतं. तिसऱ्या खेपेला नणंदबाईंनी पुण्याहून आणखी जालीम गोळ्या आणल्या. आणि दसऱ्याच्या सुमाराला माईंना जुलाब सुरू झाले, ते दिवसाला पंधरा-सोळा वेळा. जुलाब थांबवायला पुन्हा गोळ्या.

शेवटी मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि आतड्यात एक चिवट जंतू ठाण मांडून बसलाय असं निघालं. त्याच्यावरची महागडी औषधं चालू असेपर्यंत माई ठीक असायच्या. औषध थांबलं की आठ-दहा दिवसांत तो पुन्हा हजर. असं तीनदा झालं. माई बावन्न किलोंच्या होत्या, त्या अडतिसावर आल्या. लुगड्याच्या निऱ्या कमरेवर ठरेनात.

माईंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पंचशीला. माझं माहेर जतच्या पुढं, बौद्धवाड्यात. मुकुंद ब्राह्मणपुरीतला, बँकेत नोकरीला. आमचं लग्न कचेरीत झालं. माईंनी आम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांनी फक्त स्वयंपाकघराचे दोन भाग केले. पुढचं माझं. मागचं त्यांचं, तिथं त्यांची शेगडी, त्यांचा हंडा, त्यांचं सोवळं. माझ्या खाकी ड्रेसचं बटण तुटलं तर त्या स्वतः शिवून द्यायच्या. माझ्या बाळंतपणात रात्ररात्र जागल्या. पण माझ्या हातचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही.

पहिल्या दिवाळीला माझी आई आली होती. माईंनी व्हरांड्यात सतरंजी घातली, चहा दिला, पाऊसपाण्याची चौकशी केली. मी ड्यूटीवर होते, तासाभरात येणार होते. जेवायची वेळ झाली तशा माई म्हणाल्या, "तुम्हाला उशीर होईल, गाडी चुकेल." आई उठली. संध्याकाळी आमच्या गाडीचा ड्रायव्हर इराप्पा मला म्हणाला, "पंचशीलाबाई, तुमची आई स्टँडच्या बाकावर भाकरीचं फडकं सोडून जेवत होती की. घरी जेवली न्हाई व्हय?" त्यानंतर आई माझ्या घरी कधी आली नाही. या दुखण्याच्या दोन वर्षं आधी ती गेली.

मी हे कुणाजवळ बोलले नाही. मुकुंदजवळही नाही. पण विसरले असं कुणी समजू नये.

तर डॉक्टर मगदूमांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. तरुण माणूस होता, पण बोलताना घाई नव्हती.

"आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. चांगले, उपयोगाचे. त्यांची दाट वस्ती असते तोवर बाहेरून आलेल्या वाईट जंतूला पाय टेकायला जागा मिळत नाही. तुमच्या आईंची वस्ती गोळ्यांनी उठली. बरं, त्या खातात काय?"

"सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, एवढे उपास असतात," मुकुंद म्हणाला. "तेव्हा साबुदाणा, बटाटा, दूध. एरवी मऊ भात आणि मेतकूट. जुलाब लागल्यापासून नुसती साबुदाण्याची पेज."

"तेच तर. साबुदाणा वरच्या वर जिरून जातो. खालच्या वस्तीला चोथा लागतो. भाकरी, डाळी, भाज्या, त्यावर ते जगतात. गोळ्यांतून जे वाचले ते उपाशी राहिले."

माझ्या लक्षात आलं. "म्हणजे गाडी रिकामी आहे," मी म्हणाले. "रिकाम्या गाडीत कुणीही खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतं."

डॉक्टर हसले. "बरोब्बर. आम्ही औषधानं त्याला खाली उतरवतो. पण सीट रिकामीच राहते, म्हणून पुढच्या स्टॉपला तो परत चढतो."

"मग गाडी भरायची."

"भरायची. पण प्रवासी आणायचे कुठून?"

कुठून ते त्यांनी सांगितलं. निरोगी माणसाच्या शौचातून. ते तपासून, सलाइनमध्ये कालवून, गाळून, नळीवाटे रोग्याच्या आतड्यात सोडायचं. पुण्याला शिकत असताना त्यांनी हे दोनदा केलं होतं आणि दोन्ही पेशंट चालत घरी गेले होते. मुकुंदचा चेहरा असा झाला की आता यालाच सलाइन लावावं लागेल असं मला वाटलं.

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"चौथ्यांदा औषधावर भागेल असं मला वाटत नाही. आतडं फुगायला लागलंय. महिना काढतील की नाही, सांगता येत नाही."

मुकुंदचं चालणार नव्हतं. त्याला साखर होती, आणि दाताच्या दुखण्यासाठी नुकत्याच गोळ्या झाल्या होत्या. नणंद वसुधावन्संना शिंक आली तरी त्या कोर्स सुरू करायच्या. राहिले मी.

पुढचे आठ दिवस माझं रक्त तपासलं, शौच तपासलं, पोटावरून मशीन फिरवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाहेरचं खायचं नाही, कसली गोळी घ्यायची नाही. मी स्टँडवरचा वडा बंद केला. कवठे महांकाळला गाडी थांबली की इराप्पा भज्यांची पुडी पुढं करायचा आणि मी हात जोडायची.

"काय देवाला नवस बोललाय का?" त्यानं विचारलं.

"सासूसाठी पोट राखून ठेवलंय," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं भजी एकट्यानं संपवली.

मटणही मी आपणहून सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. का सोडलं ते मला धड सांगता येणार नाही. जिच्या मनात मी कधी गेले नाही, तिच्या पोटात जायचंय तर नीट जावं, एवढंच वाटलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आले. सगळे चांगले. त्याच दुपारी वसुधावन्सं पुण्याहून आल्या आणि आम्ही तिघं दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसलो.

"आईला हे नेमकं काय आहे ते डॉक्टर सांगणार, सहीसुद्धा घेणार," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "पण कुणाचं आहे ते सांगायची सक्ती नाही. मी विचारलंय. आपण म्हणायचं, दवाखान्यानंच कुणीतरी शोधलाय."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"कुणीही असेल."

"म्हणजे कुणाचंही चालेल, माझं चालणार नाही."

"तसं नाही गं पंचशीला. तिचं सोवळं तुला माहितीये."

मुकुंद बशीतला चहा गार करत बसला होता. "वसूचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आत्ता जीव वाचू दे. पुढचं पुढं."

"माझ्या गाडीत विनातिकीट कुणी बसत नाही," मी म्हणाले. "त्यांच्या पोटात माझं जाणार असेल, तर त्यांना माहीत असून जाईल. त्यांना सांगितलं नाही तर मी देत नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?" वन्संचा आवाज चढला. "तुझ्या हट्टापायी तिचा जीव गेला तर?"

मी घाबरले. अगदी खरं सांगते. कारण वन्सं चुकीचं बोलत नव्हत्या. आणि माझ्या हट्टात निव्वळ सचोटी होती असंही नाही. त्यांना कळावं, माझं नाव घेऊन त्यांनी हे घ्यावं, असं मला आतून वाटत होतं. त्यात अकरा वर्षांचा राग होता. पण राग असला म्हणून मी म्हणत होते ते खोटं ठरत नव्हतं. माणसाला फसवून त्याचा धर्म बुडवायचा आणि वर त्याला बरं केलं म्हणायचं, हे मला पटेना.

"मीच सांगते त्यांना," असं म्हणून मी उठले.

दुपारचे चार वाजले होते. माई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"माई, बोलायचंय."

"बोल. मी कुठे पळून जातेय? गेले तर संडासापर्यंत."

मी स्टूल ओढून बसले आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. वस्ती, गोळ्या, साबुदाणा, रिकामी गाडी. काय घालायचं आणि कुठून, तेही सांगितलं. त्या कूस बदलून, डोळे मिटून ऐकत होत्या. तोंडावरची सुरकुती हलली नाही.

"हे मगदूम बोललेत मघाशी," त्या म्हणाल्या. "कुणाचं, ते बोलले नाहीत."

"माझं."



"मुकुंदाचं का नाही?"

"त्यांना साखर आहे. गोळ्याही झाल्यात."

"वसूचं?"

"त्यांच्याही गोळ्या चालूच असतात."

"म्हणजे अख्ख्या घरात तू एकटी धडधाकट."

"हो."

"अकरा वर्षं तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही मी."

"माहीत आहे."

"आणि आता हे."

"हो, आता हे."

त्यांनी पुन्हा तोंड भिंतीकडे केलं. "नको," त्या म्हणाल्या. "सत्त्याहत्तर झाली. पुष्कळ झालं. जाऊ दे मला."

येताना मी मनात विनवण्या जुळवून आणल्या होत्या. नातीचं नाव काढायचं, मुकुंदचं नाव काढायचं, पाय धरायचे. पण ते 'नको' ऐकलं आणि त्यातलं काही तोंडातून निघेना. निघालं भलतंच.

"माई, मी लग्न होऊन घरात आले त्या दिवशी तुम्ही पंचगव्य घेतलंत."

त्यांची मान जराशी वळली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी दारात उभी होते. आदल्या घटकेला मी तुमच्या पाया पडले होते. मग तुम्ही आत गेलात. वाटीत दूध, दही, तूप होतं आणि गाईच्या आणखी दोन गोष्टी होत्या. डोळे मिटून प्यालात. मी शिवले होते म्हणून."

माईंनी पांघरूण वर ओढून घेतलं.

"गाईचं शेण चाललं, माई. गोमूत्र चाललं. मग सुनेचंच काय वाईट? गाय तर आपल्या चौकातली, कागद खाते, प्लॅस्टिक खाते. मी भाकरी खाते."

बोलून गेले आणि माझी मीच हबकले. आजारी म्हातारीला कुणी असं बोलतं का? माईंची पाठ माझ्याकडे होती आणि पांघरूण हलायला लागलं. मला वाटलं, रडतायत. मी उठून पलीकडच्या बाजूला गेले. त्या हसत होत्या. एक हात पोटावर दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"हसवू नकोस गं मेले," त्या म्हणाल्या. "इथेच होईल."

मलाही हसू फुटलं. नर्स डोकावली आणि दोघींकडे बघून निघून गेली.

मग हसणं ओसरलं आणि माई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. "हे तू अकरा वर्षं मनात ठेवलंस?"

"ठेवलं."

"एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंस."

"तुम्ही ऐकून घेतलं असतं?"

"माझा चष्मा दे. आणि तो कागद आण," त्या म्हणाल्या. सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं आणि सासरचंसुद्धा. पेन परत देताना म्हणाल्या, "मटण?"

"आठ दिवस शिवलेलं नाही."

"मगदूमांनी सांगितलं होतं?"

"नाही."

"बरं," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला नमुना द्यायचा होता. आता हसू येतं, पण त्या दिवशी माझ्यावर काय वेळ आली होती ते माझं मला माहीत. रोज पहाटे पाचला ज्या पोटानं मला अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता, ते पोट त्या दिवशी रुसून बसलं. डॉक्टर तयार, नर्स डबा घेऊन उभी, माईंना उपाशी ठेवलेलं. मी दवाखान्याच्या बोळातून येरझारा घालतेय, गरम पाण्याचे पेल्यामागून पेले रिचवतेय. दर पाच मिनिटांनी मुकुंद येऊन विचारतोय, "झालं का?"

"गाडी लेट आहे. डेपोत चौकशी करू नका," मी ओरडले.

वसुधावन्संनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात हात दिला आणि माझ्याबरोबर चालायला लागल्या. "शांतपणे घे," त्या म्हणाल्या. "कालचं मनात ठेवू नकोस." साडेआठला एकदाचं काम झालं. मी डबा नर्सच्या हातात दिला आणि तिथल्याच बाकावर बसून ढसाढसा रडले. कशाला रडले कोण जाणे.

दुर्बिणीच्या नळीनं डॉक्टरांनी ते आत सोडलं. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी जुलाब निम्म्यावर आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ड्यूटी संपवून खाकी ड्रेसातच दवाखान्यात गेले, तर माईंनी मला जवळ ये म्हणून खूण केली. घरात लग्न ठरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. कानाशी तोंड आणून त्या म्हणाल्या, "आज एकदाच."

आठव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. निघताना डॉक्टर मगदूमांनी माईंसमोर सगळ्यांना बजावलं.

"गाडी भरलीय. पण नवे प्रवासी टिकायला हवेत. त्यांना ज्या खाण्याची सवय आहे तेच मिळालं पाहिजे. आधी ज्वारीच्या कण्या आणि ताक, शिजवलेल्या भाज्या, मग हळूहळू डाळी आणि भाकरी. उपास बंद. मला विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा नाही. हे झालं नाही, तर ते उपासमारीनं मरतील आणि जुना पाहुणा परत येईल. तो परत आला तर मग माझ्याकडेही उपाय नाही."

माईंनी मान हलवली. हो म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

घरी पोचलो तो गुरुवार होता. वन्संनी आंघोळ करून मागच्या स्वयंपाकघरात, माईंच्या शेगडीवर साबुदाण्याची खीर केली. मी ऐकलं आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. एवढं करून पुन्हा साबुदाणा. मी मुकुंदला म्हटलं, जाऊन सांगा. तो गेला, दारात घुटमळला, आणि "आजच्या दिवस असू दे गं, दमलीये ती," म्हणत परत आला.

मी माझ्या स्वयंपाकघरात कण्या शिजत घातल्या होत्या. सकाळीच ज्वारी भरडून ठेवली होती. मी ठरवलं होतं, आता आपण तोंड उघडायचं नाही. सही त्यांनी आपल्या हातानं केली, डॉक्टरांचं त्यांनी आपल्या कानानं ऐकलं. देण्यासारखं होतं ते मी दिलं. आता त्यांचं पोट, त्यांचा निर्णय. असं ठरवलं खरं, पण कान सगळे मागच्या खोलीकडे लागले होते. पातेल्यातल्या कण्या खदखदत होत्या आणि मी उगाच ढवळत होते.

मागून वन्संचा आवाज आला, "आई, अगं इकडे पाट मांडलाय. तिकडे कुठे निघालीस?"

मी वळून बघितलं. माई भिंत धरून चालत येत होत्या. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, दम घेतला, आणि आत आल्या. ड्यूटीला जाताना मी ज्याच्यावर बसून बूट घालते त्या लोखंडी स्टुलावर बसल्या. वन्सं खिरीची वाटी घेऊन मागंच उभ्या होत्या.

"वसू, ती वाटी ठेवून दे," माई म्हणाल्या. मग मला, "काय शिजतंय?"

"कण्या."

"ताक आहे?"

"आहे."

"मग वाढ."

मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले.

"बघत काय राहिलीस?" माईंनी पोटावर हात ठेवला. "तुझ्या माहेरची माणसं आलीत घरात. तुझी आई आली होती तेव्हा तिला मी जेवायच्या वेळेला वाटेला लावली. स्टँडच्या बाकावर बसून तिनं आपली भाकरी खाल्ली, ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मीसुद्धा मनातच ठेवलं. आता तिला काय सांगू, ती तर गेली. ही तरी उपाशी राहायला नकोत."

मला आईची आठवण इतकी आली की समोरचं धड दिसेना. मी ताटलीत कण्या वाढल्या, वर ताक ओतलं आणि माईंच्या हातात दिलं. त्यांनी फुंकर घातली, पहिला घास तोंडात घेतला, सावकाश चावून गिळला.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत माझ्या सासूनं माझ्या स्वयंपाकाला ठेवलेलं ते पहिलं नाव. मी पदरानं डोळे पुसले आणि मीठ वाढलं.